नाक जमिनीकडं

(दृश्य: रात्रीची शिरोली एमआयडीसी. गेटवर वॉचमन, रस्त्यानं घरी निघालेल्या दोन-तीन मोटारसायकली.)

रात्री अकराला दुसरी पाळी सुटते. घरी पोचायला वीस मिनिटं, मग आंघोळ, जेवण. लॅपटॉप उघडेपर्यंत साडेबारा वाजलेले असतात. कोल्हापूर झोपलेलं असतं. युरोपात त्या वेळी जेवणं उरकलेली असतात, अमेरिकेत दुपार चाललेली असते. आमचा कट्टा, म्हणजे एका गेमच्या खेळाडूंचा इंटरनेटवरचा अड्डा, भरायची वेळ हीच.

मी सीएनसी प्रोग्रॅमर आहे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथ-मशीनना आज्ञा लिहून देतो. पंपाची हाउसिंगं, व्हॉल्व्हच्या बॉडी, ट्रॅक्टरचे सुटे भाग. दिवसभर लोखंड कापायचं आणि वीस मायक्रॉनसाठी भांडायचं. रात्री मी रॉकेट उडवतो. रॉकेट खोटी आहेत. ती ज्या नियमांनी खाली पडतात, ते नियम मात्र खरे आहेत.

(दृश्य: गेमचा पडदा. हिरव्या तोंडाचा, बटाट्याएवढ्या डोळ्यांचा अंतराळवीर खिडकीतून हसतोय.)

गेमचं नाव कर्बल स्पेस प्रोग्रॅम. जन्म मेक्सिको सिटीतला. स्क्वाड नावाची एक कंपनी होती. धंदा जाहिरातींचा, गेमशी देणंघेणं नाही. तिथं फेलिपे फलांगे नावाचा तरुण कामाला होता. हा पोरवयात चांदीच्या कागदाच्या छोट्या बाहुल्या करून फटाक्यांच्या रॉकेटवर बसवायचा आणि वर सोडायचा. त्या बाहुल्यांचं नाव कर्बल. दिवाळीत असले उद्योग आपल्याकडंही घरोघरी होतात, फक्त त्यातून कुणी गेम काढलेला नाही. फलांगे नोकरी सोडायला निघाला, तेव्हा मालक म्हणाले, जाऊ नकोस, तुझा गेम इथंच कर.

24 जून 2011 ला पहिली आवृत्ती लोकांच्या हातात पडली. तिच्यात चंद्रसुद्धा नव्हता. वर जायचं आणि पडायचं, एवढाच खेळ. 'झाला बाबा पूर्ण' म्हणून 1.0 आवृत्ती निघाली ती 27 एप्रिल 2015 ला. मधली जवळजवळ चार वर्षं जगभरातले लोक अर्धवट गेम खेळत होते, कुठं काय मोडतंय ते एकमेकांना सांगत होते. कट्टा जमला तो या चार वर्षांत. गेम पुरा असता, तर इतकं बोलायला कारणच मिळालं नसतं, असं माझं मत आहे.

यातला आपला ग्रह म्हणजे कर्बिन. त्रिज्या 600 किलोमीटर, पृथ्वीची 6,371. गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकंच. असा ग्रह कशाचा बनला असेल ते विचारू नका. सोय अशी की पृथ्वीभोवती कक्षेत राहायला सेकंदाला जवळजवळ 7,800 मीटर वेग लागतो, इथं 2,300 पुरतात. म्हणजे चार-पाच मिनिटांत वर. पण ग्रह लहान केला म्हणून नियम बदललेले नाहीत. न्यूटन तोच.

(दृश्य: नाइटलॅम्पच्या उजेडात वही. पेन्सिलीनं काढलेली लंबवर्तुळं, बाजूला आकडेमोड.)

2016 चा पावसाळा. सेलमध्ये गेम घेतला होता. दोन महिन्यांत मी कक्षेत जायला शिकलो, मुनवर, म्हणजे त्यांच्या चंद्रावर, उतरायला शिकलो. मग डूनाला जायचं डोक्यात घेतलं. डूना म्हणजे तिथला मंगळ. लांबचा पल्ला, म्हणून अणुशक्तीवरचं इंजिन लावलं. हे इंजिन इंधन फार कमी खातं, पण जोरही तसाच: 60 किलोन्यूटन. माझं यान 60 टनांचं. बैलगाडीला शेळी जुंपली म्हणा.

कर्बिनपासून डूनाकडं निघायला वेगात सेकंदाला साधारण 1,050 मीटरची भर घालावी लागते. या शेळीला त्यासाठी सोळा-सतरा मिनिटं ओढावं लागणार होतं. इंजिन असं सलग चालवण्याला बर्न म्हणतात. गेम पडद्यावर एक निळी खूण देतो: या दिशेला तोंड कर आणि इंजिन चालू ठेव. ठरलेल्या बिंदूच्या आठ मिनिटं आधी इंजिन चालू केलं, खुणेवर नाक रोखलं आणि चहा करायला उठलो.

परत येऊन बघतो तर यान पेटलेलं. पंख नाहीत, बाजूच्या टाक्या गेलेल्या. आत तिघं कर्बल, एक अजून हसतोय. त्याचं नाव जेबेडाया. तो कायमच हसतो, त्याचा काही उपयोग नाही.

तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. शेवटी कट्ट्यावर लिहिलं. माझं इंग्रजी ड्रॉइंगवरच्या सूचनांपुरतं. लिहिलं काय, तर 'शिप गोइंग डाउन, व्हाय, प्लीज हेल्प'. वाटलं, हसतील.

कुणी हसलं नाही. अर्ध्या तासात चौघांची उत्तरं आली आणि चौघांच्या उत्तरांत नुसते प्रश्न. यानाचं वजन किती? इंजिनाचा जोर किती? कक्षा किती उंचीवर? बर्न किती मिनिटांचा? मला राग आला. माल तपासणारा क्यूसीवाला जॉब, म्हणजे कापलेला भाग, हातात घेऊन विचारतो तसं वाटलं. तरी मुकाट्यानं उत्तरं लिहायला बसलो. वजन 60 टन. जोर 60. उंची 80 किलोमीटर. तिथं एक फेरी किती वेळाची ते पाहिलं: 31 मिनिटं. बर्न: 16 मिनिटं.

हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि पेन्सिल थांबली.

(दृश्य: वहीवर वर्तुळ. त्यावर चार ठिकाणी बाण, चारही एकाच दिशेला रोखलेले.)

सोळा मिनिटांत यान अर्ध्याहून जास्त फेरी मारतं. खूण मात्र एकाच दिशेला रोखलेली. ठरलेल्या बिंदूवर ती दिशा म्हणजे बरोबर पुढं. पण आठ मिनिटं आधी, म्हणजे पाव फेरी अलीकडं, तीच दिशा म्हणजे सरळ खाली. मी इंजिन चालू केलं तेव्हा यानाचं नाक जमिनीकडं होतं. साठ टन घेऊन मी जिवाच्या आकांतानं स्वतःला जमिनीकडं ढकलत होतो आणि गॅसवर चहा उकळत होता. हवेचा थर 70 किलोमीटरला सुरू होतो, मी 80 वर होतो. दहा किलोमीटर घसरायला कितीसा वेळ?

मी आकडे पाठवले, खाली लिहिलं की कळलं. त्यावर फिनलंडमधल्या एकानं उत्तर दिलं. त्याला माझ्या खात्यावर भारत दिसला असावा. एका दमात कशाला जाळतोस, असा त्याचा सूर होता. तुमच्याच मंगळयानानं काय केलं ते बघितलं नाहीस का?

खरं सांगतो, पाहिलं होतं. नोव्हेंबर 2013 मध्ये रोज पेपरात चित्र यायचं. पृथ्वी, तिच्याभोवती एक लंबवर्तुळ, दुसऱ्या दिवशी त्याहून मोठं, मग आणखी मोठं. टपरीवर चहा पिताना मी ते बघायचो आणि क्रिकेटचं पान उघडायचो. हे असं का करतायत, हा प्रश्नच पडला नव्हता. तो तीन वर्षांनी फिनलंडहून आला.

(दृश्य: अंधारात पृथ्वीचा गोल. एकात एक लंबवर्तुळं उमटत जातात.)

मंगळयान उडालं 5 नोव्हेंबर 2013 ला, श्रीहरिकोट्याहून, पीएसएलव्हीच्या पाठीवर. वजन 1,337 किलो, इंजिन 440 न्यूटनचं. म्हणजे त्यांचीही शेळीच. त्यांनी एका दमात ओढलंच नाही. यान पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येई, तेव्हा थोडा वेळ इंजिन चालवायचं. त्या धक्क्यानं पलीकडचं टोक आणखी लांब जाई. परत खाली येईल, परत धक्का. नागपंचमीचा झोका असाच चढवतात. झोका जवळून सपकन जात असतो, तेव्हाच ढकलायचं. वर थांबलेल्या झोक्याला ढकलून दमणार कोण? शिवाय वेग जास्त असताना दिलेल्या त्याच धक्क्यातून ऊर्जा जास्त मिळते. याला ओबर्थ परिणाम म्हणतात. असे धक्के देत देत यानाचं लांबचं टोक सुमारे 1 लाख 93 हजार किलोमीटरवर नेलं आणि 1 डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, बावीस मिनिटांचा शेवटचा बर्न करून मंगळाची वाट धरली.

यात 11 नोव्हेंबरला एक गडबड झाली होती. सेकंदाला 130 मीटरची भर पडायची ती 35 चीच पडली. इंधनाच्या झडपेच्या मुख्य आणि राखीव अशा दोन्ही कॉइल एकदम चालवून बघितल्या आणि प्रवाहच थांबला. दुसऱ्या दिवशी जादा बर्न करून ती कसर भरून काढली. गेममध्ये असं झालं की मी एफ-नाइन दाबतो, पाच मिनिटांपूर्वीचा खेळ परत येतो. त्यांच्या टेबलावर ते बटण नव्हतं.

त्या रात्री मी तीन-तीन मिनिटांचे धक्के दिले. सकाळी डूनाच्या वाटेला लागलो. जेब हसत होता.

(दृश्य: शॉप फ्लोअर. लेथखालच्या ट्रेमध्ये चमकणारे चिप्सचे, म्हणजे लोखंडाच्या किसाचे, गोळे.)

इथं एक आडवळण घेतो. मी आधी एका शॉपमध्ये होतो, नाव सांगत नाही. तिथं रिजेक्ट झालेला जॉब चिप्सच्या ट्रॉलीत तळाशी जायचा. सुपरवायझरला दिसायच्या आत. कुणाचं टूल तुटलं, ऑफसेट कुणाचा चुकला, हे महिन्याच्या शेवटी भंगारवाल्यालाच कळायचं. आमच्या कट्ट्यावर उलटं चालतं. लोक मोडलेलं यान घेऊन येतात आणि सगळ्यांसमोर ठेवतात. नुसतं 'मोडलं' म्हणून चालत नाही, फाइल द्यावी लागते. मग कोण ब्राझीलचा, कोण पोलंडचा, तुझं मोडलेलं यान स्वतःच्या मशीनवर उघडतो, परत मोडतो आणि सांगतो कुठं मोडलं. यशाच्या व्हिडिओला 'वा' मिळते. पण रात्र रात्र जागतात ते मोडलेल्या यानासाठी.

तसा एक किस्सा. 2017 मध्ये माझा एक कर्बल मुनभोवती अडकला, टाकी कोरडी. मी दुसरं यान बांधून सोडवायला निघणार, तेवढ्यात एकानं सुचवलं: त्याला बाहेर काढ आणि ढकल. मला चेष्टा वाटली. चेष्टा नव्हती. कर्बलच्या पाठीवर छोटा जेटपॅक असतो. बाहेर यायचं, कॅप्सूलला डोकं लावायचं, ढकलायचं. जेटपॅक संपला की आत जायचं, तो आपोआप भरायचा, परत बाहेर. तेव्हाच्या आवृत्तीत ही ढील होती. बंद पडलेली लूना ढकलत आणावी तसं मी मुनपासून माणूस घरी आणला. दोन रात्री लागल्या.

(दृश्य: पडद्यावर प्रोग्रॅमच्या ओळी. एका ओळीच्या शेवटी कर्सर लुकलुकतोय.)

खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या जोडण्यांना मॉड म्हणतात. मेकजेब यान स्वतः चालवतं. सीकॅन मॉड बसवून देतं. एका मॉडनं कर्बिनच्या जागी खरी पृथ्वी येते, मग 2,300 ची सवय झालेले सगळे रडतात. माझा जीव जडला केओएसवर. यात यानाला प्रोग्रॅम लिहून देता येतो. म्हणजे माझंच काम. मशीनला सांगतो, अमुक वेगानं तमुक जागी जा, तसंच यानाला. फरक एकच. आमच्या कंट्रोलवर ओळीच्या शेवटी अर्धविराम दिसतो. केओएसमध्ये प्रत्येक आज्ञा पूर्णविरामानं संपते, शाळेतल्या वाक्यासारखी. बारा वर्षांची सवय. माझा पहिला प्रोग्रॅम कट्ट्यावर टाकला तो चालेना, तर एका बाईंनी तेवढंच कळवलं की सातव्या ओळीत टिंब नाही. पुढं चार वेळा मी तीच चूक केली, चार वेळा त्यांनी तेवढंच कळवलं.

प्रिन्सिपिया नावाचा मॉड तर अभ्यासकांचा. मूळ गेममध्ये यानाला एका वेळी एकच गोल ओढतो, हिशेब सोपा राहावा म्हणून. प्रिन्सिपियात सगळे गोल एकदम ओढतात, खऱ्यासारखे. त्याच्या प्रत्येक आवृत्तीला गणितज्ञाचं नाव असतं आणि ती निघते अमावास्येला. आपल्याकडं अमावास्येला कुणी नवं मशीन चालू करणार नाही. ही माणसं मुहूर्त म्हणून तीच धरतात.

आणि क्रॅकन. नॉर्वेकडच्या दर्यावर्दींच्या गोष्टींत जहाजं गिळणारा राक्षस असतो, त्याचं हे नाव. सुरुवातीच्या काळात यान खूप लांब गेलं की थरथरायचं, भाग सुटायचे, उगाच फुटायचं. काही धडकलेलं नसायचं. लोक म्हणायचे, क्रॅकननं खाल्लं. कारण शोधलं तेव्हा ते माझ्या ओळखीचं निघालं. अशी व्हर्नियर समजा, की जबडा जितका उघडाल तितका तिचा लीस्ट काउंट वाढत जातो. जवळ मापलं तर शतांश मिलिमीटर, लांब मापलं तर वीतभर चूक. संगणकाचे आकडे असेच असतात, मोजकेच अंक धरतात. सगळी अंतरं एका ठरलेल्या शून्यापासून मोजायची, आणि यान त्या शून्यापासून लाखो किलोमीटर लांब. इंजिन कुठं आणि टाकी कुठं हेच गेमला धड कळेना.

यावर उपाय केला तो आमच्या धंद्यात रोज सकाळी करतात. शून्य मशीनवर ठेवायचंच नाही, जॉबवर आणायचं. आम्ही त्याला जी-54 म्हणतो. गेमनं शून्य यानावर आणलं. आता यान जागेवर असतं, विश्व हलतं. क्रॅकन बराचसा गेला. बॉप नावाच्या एका चंद्रावर निर्मात्यांनी त्याचं मढं ठेवलंय. बघायला लोक मुद्दाम जातात.

पैजांबद्दल थोडक्यात. जूल नावाच्या मोठ्या ग्रहाला पाच चंद्र आहेत. एकाच मोहिमेत पाचांवर उतरून परत यायचं, ती जूल-फाइव्ह. एल्कानो म्हणजे जमिनीवरून किंवा पाण्यातून, न उडता, अख्ख्या ग्रहाला प्रदक्षिणा. मॅगेलन वाटेत मेला, ती फेरी 1522 मध्ये ज्यानं पुरी केली त्या एल्कानोचं हे नाव. आणि ईव्ह: जांभळा ग्रह, हवा दाट, उतरणं सोपं, निघणं महाकठीण. माझे दोघं 2019 पासून तिथं आहेत.

(दृश्य: सरफेस प्लेटवर मोबाइल, व्हर्नियरच्या खोक्याला टेकवलेला. भोवती तेलकट हात.)

23 ऑगस्ट 2023. संध्याकाळी पावणेसहा. दुसरी पाळी चालू होती, पण मशीन फीड होल्डवर टाकून सगळे सरफेस प्लेटभोवती जमले होते. चंद्रयान-3 उतरत होतं. सुरुवात 30 किलोमीटरवरून, आडवा वेग सेकंदाला 1.68 किलोमीटर. सगळ्यांची नजर उंचीच्या आकड्यावर. लेथवरचे मामा दर मिनिटाला विचारायचे, "किती र्‍हायलं?"

मी म्हटलं, "मामा, उंची नंतर बघा. आडवा वेग बघा. तो मेला पाहिजे."

मुनवर माझी पहिली अकरा यानं उंचीकडं बघण्यात फुटली होती. आडवा वेग तसाच राहायचा आणि यान उतरायच्या ऐवजी जमिनीवरून कुलाट्या खायचं. इथं तो आकडा उतरत होता. हजार. सहाशे. तीनशे. मग यान उभं राहिलं, नाक आकाशाकडं. सहा वाजून चार मिनिटांनी खाली टेकलं. शॉपमध्ये जो आवाज झाला त्यात कंप्रेसर ऐकू येईना.

मामांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि तू रातच्याला ह्येच करतोस व्हय?"

"हो."

"मग एवढी वर्सं बोलला न्हाईस त्ये?"

काय बोलणार होतो?

(दृश्य: कट्ट्यावरच्या जुन्या यानांची चित्रं, एकामागून एक.)

गेमचे हक्क 2017 मध्येच टेक-टू या अमेरिकन कंपनीकडं गेले. दुसरा भाग 24 फेब्रुवारी 2023 ला आला, तोही अर्धवट. किंमत मात्र मोठ्या गेमची. 2024 मध्ये त्यावर काम करणारा स्टुडिओ बंद झाला. आमच्यात महिनाभर चडफडाट झाला. मग एकेक जण जुन्या गेममध्ये परतला. तिथलं सामान जागेवरच होतं. ज्यांचा पगार थांबू शकत नव्हता, कारण तो कधी मिळतच नव्हता, त्या मॉडवाल्यांचं काम चालूच होतं.

(दृश्य: पुन्हा लॅपटॉप. घड्याळात 1:20. खिडकीबाहेर पाऊस.)

गेल्या महिन्यातली गोष्ट. कुणी नवीन पोरगा. कुठला ते कळायला मार्ग नाही. इंग्रजी माझ्या 2016 च्या इंग्रजीसारखं. लिहिलं होतं: यान डूनाला न जाता खाली येतंय, तीनदा झालं, का? सोबत फाइल. मी उघडली. अणुशक्तीवरचं इंजिन, 52 टनांचं यान, 80 किलोमीटरची कक्षा. आत जेब, दात दाखवत.

उत्तर मला माहीत होतं. लिहिलं नाही. विचारलं: वजन किती, जोर किती, एक फेरी किती मिनिटांची, बर्न किती मिनिटांचा?

दहा मिनिटं काही नाही. चिडला असणार.

मग आला. वजन 52. जोर 60. फेरी 31 मिनिटं. बर्न 14 मिनिटं.

आणि मिनिटभरानं, मी काही टाइप करायच्या आत, आणखी एक निरोप. एकच अक्षर.

"ओ."